सिमलिंक की बाइंड माउंट: सीएच-रूटमधील वापरकर्त्यांना सामायिक डिरेक्टरी दाखवण्याबाबत

प्रश्न

एका लिनक्स सर्व्हरवर मी काही वापरकर्त्यांना फक्त एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) फाइली ठेवण्याची आणि उचलण्याची सोय करून देत आहे. ओपनएसएसएच या रिमोट लॉगिनच्या सॉफ्टवेअरमधील सीएच-रूटची (एखादी डिरेक्टरी हीच सर्वांत वरची ‘/’ म्हणून दाखवण्याची) सेटिंग वापरून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत बंदिस्त केले आहे. ‘लेखा’ या वापरकर्त्याने लॉगिन केले, की त्याला /डेटा/जेल/लेखा हीच डिरेक्टरी ‘/’ म्हणून दिसते. असे एकूण सहा वापरकर्ते आहेत आणि इथपर्यंत सर्व व्यवस्थित चालते.

आता या सहाही जणांना /डेटा/सामायिक ही डिरेक्टरी आपापल्या जागेतून दिसायला हवी आहे. /डेटा ही एकच ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आहे, म्हणजे जेल (या बंदिस्त डिरेक्टऱ्या) आणि सामायिक डिरेक्टरी एकाच डिस्कवर आहेत. मी प्रत्येकाच्या डिरेक्टरीत ‘सामायिक’ नावाचा सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे नेणारी लिंक) तयार केला आणि त्यात /डेटा/सामायिक हा पूर्ण पाथ दिला. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून शेलमधून पाहिले तर लिंक बरोबर उघडते, पण एसएफटीपीने आलेल्या वापरकर्त्याला मात्र अशी फाइल नाही असा संदेश येतो. पूर्ण पाथ चालत नसेल म्हणून ‘../../सामायिक’ असा सापेक्ष पाथ देऊन पाहिला, तरी तोच संदेश आला. परवानग्या तपासल्या. सिमलिंकवर सर्वांना सर्व परवानग्या दिसतात आणि मूळ डिरेक्टरी ज्या ग्रुपची आहे त्या ग्रुपमध्ये हे सहाही जण आहेत.

एका सहकाऱ्याने बाइंड माउंट (एक डिरेक्टरी दुसऱ्या जागीही जोडणे) करून पाहायला सांगितले. एका कमांडने काम झाले, पण ते का झाले हे मला समजलेले नाही, आणि न समजलेली गोष्ट सर्व्हरवर कायमची ठेवणे मला योग्य वाटत नाही. बाइंड माउंट म्हणजे अधिक ताकदीचा सिमलिंक, असे समजायचे का? सहापैकी एका वापरकर्त्याला ही डिरेक्टरी फक्त वाचता यावी, लिहिता येऊ नये, असे करता येते का? शिवाय याच सर्व्हरवर जागेअभावी मोठ्या लॉग डिरेक्टऱ्या दुसऱ्या डिस्कवर हलवून मूळ जागी सिमलिंक ठेवलेले आहेत. तेही बदलून बाइंड माउंट करावेत का?

पहिले उत्तर

‘अधिक ताकदीचा सिमलिंक’ ही कल्पना प्रथम बाजूला ठेवावी, कारण तिच्यामुळेच पुढचे गोंधळ होतात. सिमलिंकमध्ये एक नाव लिहिलेले असते, तर बाइंड माउंटमध्ये प्रत्यक्ष डिरेक्टरीच दुसऱ्या जागी जोडलेली असते. तुमच्या प्रश्नातील बहुतेक सर्व गोष्टींचा उलगडा या फरकातून होतो.

सिमलिंक ही एक छोटी, वेगळ्या प्रकारची फाइल असते आणि तिच्यात पाथचा मजकूर साठवलेला असतो, त्याहून अधिक काही नाही. ईएक्सटी४वर हा मजकूर ५९ बाइटपर्यंत असेल तर त्यासाठी डिस्कवर वेगळा ब्लॉकसुद्धा लागत नाही, तो इनोडमध्येच (फाइलच्या माहितीच्या नोंदीतच) मावतो. १९८३ साली ४.२बीएसडीमधून युनिक्सच्या जगात ही सोय आली तेव्हापासून तिचे स्वरूप मूलतः हेच आहे. लिंक तयार करताना त्या पाथवर खरोखर काही आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. जेव्हा एखादा प्रोग्रॅम त्या लिंकवरून जाऊ पाहतो, तेव्हा कर्नल (लिनक्सचा गाभा) तो मजकूर वाचतो आणि त्या क्षणी, त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने, त्याचा अर्थ लावतो. मजकूर ‘/’ने सुरू होत असेल तर शोध त्या प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) रूटपासून, म्हणजे तिला ‘/’ म्हणून दिसणाऱ्या डिरेक्टरीपासून, सुरू होतो.

प्रोसेसचे रूट हाच इथे कळीचा मुद्दा आहे. सीएच-रूट केल्यावर ‘लेखा’च्या एसएफटीपी प्रोसेसचे रूट /डेटा/जेल/लेखा हे असते. त्यामुळे लिंकमधील /डेटा/सामायिक या मजकुराचा त्याच्यासाठीचा अर्थ /डेटा/जेल/लेखा/डेटा/सामायिक असा होतो, आणि तशी डिरेक्टरी अस्तित्वात नाही. पडताळून पाहायचे असेल तर त्या जागी तशी रिकामी डिरेक्टरी तयार करा. तोच सिमलिंक, एक अक्षरही न बदलता, एसएफटीपीमधून त्या रिकाम्या डिरेक्टरीकडे नेईल आणि तुमच्या शेलमधून खऱ्या सामायिक डिरेक्टरीकडे नेईल. एकाच लिंकचे दोन वाचकांसाठी दोन वेगळे अर्थ होतात, हे यातून स्पष्ट दिसते.

सापेक्ष पाथने जे झाले ते अधिक रंजक आहे. प्रोसेस आपल्या रूटच्या वर जाऊ शकत नाही आणि रूटमध्ये ‘..’ म्हटले तरी ती रूटमध्येच राहते, म्हणून ‘../../सामायिक’चा अर्थ सीएच-रूटच्या आत नुसता ‘/सामायिक’ असा होतो. ते तर त्या सिमलिंकचेच नाव आहे! म्हणजे लिंक स्वतःकडेच बोट दाखवू लागली. एका पाथचा शोध घेताना कर्नल जास्तीत जास्त ४० सिमलिंक ओलांडू देतो आणि त्यानंतर शोध थांबवून वेगळी त्रुटी परत करतो. मात्र ओपनएसएसएचचा एसएफटीपी सर्व्हर ती त्रुटी आणि ‘फाइल नाही’ ही त्रुटी या दोन्ही एकाच उत्तरात कळवतो, त्यामुळे तुम्हाला दोन्ही वेळा सारखाच संदेश दिसला. सिमलिंकवर दिसणाऱ्या परवानग्यांना पाथ शोधताना काहीही महत्त्व नसते. ज्या डिरेक्टऱ्यांमधून जायचे आहे त्यांच्या आणि अंतिम डिरेक्टरीच्या परवानग्याच पाहिल्या जातात.

बाइंड माउंटमध्ये मजकूर कुठेच नसतो. लिनक्स कर्नल २.४पासून, म्हणजे २००१पासून, फाइल सिस्टिमचा आधीच माउंट असलेला (जोडलेला) कोणताही भाग दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीवर पुन्हा जोडता येतो. ही जोडणी कर्नलच्या मेमरीतील माउंटच्या नोंदींमध्ये असते, डिस्कवर तिचा मागमूसही नसतो, आणि म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर ती नाहीशी होते. पाथ शोधता शोधता कर्नल /डेटा/जेल/लेखा/सामायिक या डिरेक्टरीपाशी आला, की तिच्यावर काही माउंट आहे हे त्याला कळते आणि तो सरळ जोडलेल्या डिरेक्टरीत प्रवेश करतो. या प्रवासात कोणत्याही नावाचा अर्थ लावावा लागत नाही, त्यामुळे प्रोसेसचे रूट कोणते आहे याने फरक पडत नाही. तिथून ‘..’ म्हटले तर वापरकर्ता /डेटामध्ये पोहोचत नाही, तो माउंट ज्या डिरेक्टरीत आहे तिथेच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रूटमध्ये परत येतो. सीएच-रूटची बंदिस्ती त्यामुळे अबाधित राहते.

याच ‘..’च्या बाबतीत सिमलिंकमुळे शेलमध्येही अनेकांची फसगत होते. सिमलिंकवरून एखाद्या डिरेक्टरीत शिरल्यावर ‘सीडी ..’ केले, तर शेल आपण आलेला रस्ता लक्षात ठेवून मागे नेतो, पण तिथेच ‘एलएस ..’ केले तर कर्नल मूळ डिरेक्टरीच्या वरची डिरेक्टरी दाखवतो. बाइंड माउंटमध्ये दोन्हींचे उत्तर सारखेच येते.

आता फक्त वाचण्याच्या परवानगीबद्दल. सिमलिंकने हे शक्यच नाही, कारण त्याला स्वतःचे असे कोणतेही नियम नसतात. बाइंड माउंटच्या प्रत्येक जोडणीला स्वतःचे पर्याय असू शकतात, आणि कर्नल २.६.२६पासून (२००८) एखादी जोडणी ‘फक्त वाचा’ ठेवून बाकीच्या जोडण्या लिहिण्यासाठी खुल्या ठेवता येतात. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. कर्नलला केलेल्या ज्या कॉलने बाइंड केले जाते त्याच कॉलमध्ये दिलेला ‘फक्त वाचा’ हा पर्याय कर्नल विचारात घेत नाही, त्यासाठी आधी बाइंड आणि मग त्याच जागी ‘रीमाउंट, बाइंड, आरओ’ अशी दुसरी पायरी लागते. युटिल-लिनक्स (माउंटसारख्या कमांडचा संच) २.२७ आणि त्यापुढील आवृत्त्यांमधील माउंट कमांड या दोन्ही पायऱ्या स्वतःच करते, पण त्याहून जुन्या आवृत्तीवर एकाच कमांडवर विसंबून राहिलात, तर कोणतीही त्रुटी न दिसता डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडी राहील. म्हणून कमांड दिल्यावर त्या वापरकर्त्याच्या नावाने एक फाइल तयार करण्याचा प्रयत्न नक्की करून पाहा.

माउंट कायम राहावा यासाठी एफएसटॅब या, सर्व्हर सुरू होताना करायच्या माउंटच्या, फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते: पहिल्या रकान्यात मूळ डिरेक्टरी, दुसऱ्यात जिथे जोडायची ती, प्रकाराच्या रकान्यात ‘नन’ आणि पर्यायांमध्ये ‘बाइंड’. /डेटाची ओळ या सर्वांच्या आधी असू द्या, आणि सिस्टिमडी (सर्व्हरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या सर्व्हरवर ‘एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ हा पर्याय देऊन /डेटावरील अवलंबित्व स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभारी आहे. रिकाम्या डिरेक्टरीचा प्रयोग करून पाहिला आणि तोच सिमलिंक एसएफटीपीमधून खरोखरच तिकडे घेऊन गेला. ‘फक्त वाचा’ हेही साधले.

दोन नव्या अडचणी मात्र समोर आल्या आहेत. पहिली अशी, की नुसती माउंट कमांड दिल्यावर जी यादी येते, तीत या सहाही ओळींमध्ये केवळ डिस्कचे नाव दिसते, त्यामुळे कोणती डिरेक्टरी कुठे जोडली आहे हे ओळखता येत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. काल रात्रीचा बॅकअप नेहमीच्या कितीतरी पट मोठा झाला, कारण सामायिक डिरेक्टरी मूळ जागेवरून एकदा आणि सहा जेलमधून सहा वेळा, अशी एकूण सात वेळा घेतली गेली. आरसिंक या प्रती काढण्याच्या प्रोग्रॅमला एकाच फाइल सिस्टिमपुरते राहण्याचा ‘-एक्स’ हा पर्याय दिलेला असूनही असे झाले. सिमलिंक असताना ही अडचण कधीच आली नव्हती.

दुसरे उत्तर

पहिल्या उत्तरातील विवेचन अचूक आहे. मी त्याची दुसरी बाजू मांडतो, कारण बाइंड माउंट वापरणाऱ्यांना ती बहुधा नुकसान झाल्यावरच कळते.

यादीसाठी ‘फाइंडमाउंट’ ही कमांड वापरा, जी फाइंड आणि माउंट हे शब्द जोडून, पण आखूड स्पेलिंगने लिहिली जाते. ती डिस्कच्या नावापुढे चौकोनी कंसात मूळ डिरेक्टरी दाखवते. लक्षात ठेवा, की कंसातील पाथ त्या फाइल सिस्टिमच्या मुळापासून मोजलेला असतो, म्हणून तुम्हाला तिथे /डेटा/सामायिक दिसणार नाही, फक्त /सामायिक दिसेल. हीच माहिती प्रोक फाइल सिस्टिममधील प्रत्येक प्रोसेसच्या ‘माउंटइन्फो’ या फाइलमध्येही असते.

बॅकअपचे कारण असे, की ‘-एक्स’सारखे पर्याय प्रत्येक डिरेक्टरीचा डिव्हाइस क्रमांक (ती ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिची ओळख) पाहतात आणि तो बदलला की थांबतात. तुमच्याकडे मूळ डिरेक्टरी आणि जेल एकाच फाइल सिस्टिमवर असल्यामुळे क्रमांक बदलतच नाही. फाइल सिस्टिम एकच आहे, फक्त जोडण्या अनेक आहेत, आणि आरसिंकच्या नजरेला सर्व काही एकाच डिस्कवरचे साधे फोल्डर दिसते. फाइंड कमांडचा ‘-एक्सडेव्ह’ हा पर्यायही याच कारणाने इथे निरुपयोगी ठरतो. टार (बॅकअपचाच आणखी एक प्रोग्रॅम) आणि आरसिंक सिमलिंकची मात्र लिंक म्हणूनच नोंद घेऊ शकतात, तिच्या मागे आत जात नाहीत, म्हणून तुम्हाला पूर्वी हा त्रास झाला नाही.

सरळ उपाय म्हणजे प्रत्येक जेलमधील ‘सामायिक’ हा पाथ बॅकअपमधून नाव घेऊन वगळणे. परंतु वापरकर्ते वाढत गेले की ही यादी सांभाळावी लागते आणि एखादे नाव राहून जाते. मला स्वतःला अधिक पसंत असलेला उपाय असा: बॅकअप सुरू करण्याआधी /डेटा ही पूर्ण डिरेक्टरीच साध्या बाइंडने एखाद्या वेगळ्या रिकाम्या जागी, समजा /बॅकअप-दृश्य इथे, जोडा, ती जोडणी लगेच ‘मेक-प्रायव्हेट’ करा, बॅकअप तिथून घ्या आणि शेवटी ती काढून टाका. साधे बाइंड आतल्या इतर माउंटना सोबत नेत नाही (त्यांना नेण्यासाठी ‘आरबाइंड’ वापरावे लागते), त्यामुळे /बॅकअप-दृश्यमध्ये सहाही ‘सामायिक’ डिरेक्टऱ्या रिकाम्या दिसतील आणि मूळ सामायिक एकदाच येईल. ‘प्रायव्हेट’ करण्याचे कारण असे, की सिस्टिमडी असलेल्या सर्व्हरवर माउंट एकमेकांशी ‘शेअर्ड’ असतात, आणि बॅकअप चालू असताना /डेटामध्ये कोणी नवा माउंट केला तर तो या दृश्यातही उमटू शकतो. माउंटच्या या प्रसाराची सोय कर्नल २.६.१५मध्ये आली आणि कंटेनर (इतरांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना तिची ओळख करून घ्यावीच लागते, पण तुमच्या कामापुरते एवढे पुरेसे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे अगदी अशीच मांडणी होती. एक वापरकर्ता सोडून गेला आणि त्याची जेल डिरेक्टरी ‘आरएम -आरएफ’ने काढून टाकण्यात आली. आत बाइंड माउंट होता. ती कमांड शांतपणे त्यात शिरली, सामायिक डिरेक्टरीतील प्रत्येक फाइल पुसली गेली, आणि अगदी शेवटी माउंट असलेली डिरेक्टरी काढताना मात्र ‘वापरात आहे’ अशी त्रुटी आली. तोपर्यंत आत काहीही उरले नव्हते. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून बहुतेक काम परत मिळाले, पण त्या दिवशी सकाळपासून ठेवलेल्या फाइली कायमच्या गेल्या. तिथे सिमलिंक असता तर आरएमने फक्त लिंक काढली असती. आरएमचा ‘वन-फाइल-सिस्टिम’ हा पर्याय इथेही वाचवत नाही, कारण तोही डिव्हाइस क्रमांकच पाहतो. म्हणून जेल काढण्याचा जो काही क्रम तुम्ही लिहून ठेवला असेल, त्यात पहिली पायरी फाइंडमाउंटने आतल्या जोडण्या पाहणे, दुसरी त्या अनमाउंट करणे आणि मगच पुसणे, असे आजच लिहा.

आणखी एक गोष्ट तुमच्या वापरकर्त्यांना लवकरच जाणवेल. त्यांनी एसएफटीपीमधून स्वतःच्या डिरेक्टरीतील फाइल ‘सामायिक’मध्ये हलवायचा प्रयत्न केला तर तो फसेल, जरी दोन्ही जागा एकाच डिस्कवर असल्या तरी. नाव बदलण्याचा सिस्टिम कॉल दोन वेगळ्या जोडण्यांच्या पलीकडे काम करत नाही, भले दोन्हींमागची फाइल सिस्टिम एकच का असेना. शेलमधील ‘एमव्ही’ अशा वेळी गुपचूप प्रत काढून मूळ फाइल पुसते, त्यामुळे तिथे फक्त वेळ जास्त लागतो, पण एसएफटीपी सर्व्हर असे काही करत नाही आणि केवळ अपयश कळवतो. त्यांना फाइल हलवण्याऐवजी पुन्हा अपलोड करायला सांगावे लागेल. हार्ड लिंकच्या (एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाच्या) बाबतीतही हाच नियम आहे.

तिसरे उत्तर

लॉगच्या सिमलिंकबद्दल तुम्ही विचारले होते, त्याचे उत्तर राहून गेले आहे. ते सिमलिंक आहेत तसेच ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाइंड माउंटने एक अडचण सुटली म्हणून तो सर्वत्र वापरण्याचा मोह होतो, पण सिमलिंकचे काही गुण त्याच्यात नाहीत. सिमलिंक तयार करायला रूटचे अधिकार लागत नाहीत, तो डिस्कसोबत आणि बॅकअपसोबत प्रवास करतो, आणि ‘एलएस -एल’ करणाऱ्या कोणालाही तो कुठे नेतो हे तिथल्या तिथे दिसते. सहा महिन्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी हे फार मोलाचे असते. बाइंड माउंट केलेली डिरेक्टरी साध्या डिरेक्टरीसारखीच दिसते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तिच्यात वेगळे काही असल्याची शंकाही येत नाही. वर सांगितलेली पुसून टाकण्याची घटना नेमकी त्यामुळेच घडली.

नाव आणि वस्तू यांतील फरक उलट दिशेनेही उपयोगी पडतो. वेब ॲप्लिकेशनच्या प्रत्येक आवृत्तीची वेगळी डिरेक्टरी ठेवून ‘चालू’ नावाचा सिमलिंक नव्या आवृत्तीकडे वळवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. तात्पुरत्या नावाने नवा सिमलिंक करून ‘एमव्ही -टी’ने तो जुन्यावर ठेवला, की बदल एका क्षणात होतो, मधली रिकामी अवस्था कोणालाच दिसत नाही. बाइंड माउंट इथे अडथळा ठरेल, कारण तो नावाशी बांधलेला नसतो. मूळ डिरेक्टरीचे नाव बदलून तिच्या जागी त्याच नावाची नवी डिरेक्टरी ठेवली, तर सिमलिंक नव्या डिरेक्टरीकडे जातो आणि बाइंड माउंट जुनीच दाखवत राहतो.

एकट्या फाइलवर बाइंड माउंट केला असेल तर हा परिणाम फारच गोंधळात टाकतो. कंटेनरमध्ये एखादी कॉन्फिगरेशन फाइल बाहेरून जोडलेली असते, आपण बाहेर ती एडिटरमध्ये बदलतो, सेव्ह करतो, आणि आत जुनाच मजकूर दिसत राहतो. अनेक एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनीचे नाव देतात, म्हणजे इनोड बदलतो. बाइंड माउंट मात्र जुन्या इनोडला धरून बसलेला असतो. अशा वेळी फाइल न जोडता तिची डिरेक्टरी जोडणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सिमलिंक बदलून बाइंड माउंट करावा असे एक ठिकाण मात्र मला नक्की माहीत आहे, आणि ते म्हणजे ॲपआर्मर या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणेच्या देखरेखीखाली चालणारे डेटाबेस. ॲपआर्मरचे नियम पाथवर लिहिलेले असतात. डेटा डिरेक्टरी मोठ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी सिमलिंक ठेवला, तर कर्नल लिंक ओलांडून गेल्यावर जो खरा पाथ उरतो तोच ॲपआर्मरला दिसतो, तो नियमात नसतो, आणि परवानग्या अगदी बरोबर असूनही डेटाबेस सुरू होत नाही. बाइंड माउंटमध्ये पाथ जुनाच राहतो, त्यामुळे नियमाला हात न लावता काम होते. एसईलिनक्स या दुसऱ्या सुरक्षा-यंत्रणेत हा लाभ मिळत नाही, कारण त्याचे नियम पाथवर नसून इनोडवरील लेबलवर चालतात आणि लेबल दोन्हीकडून सारखेच दिसते. तिथे नव्या जागेवरील लेबल बरोबर लावणे हेच करावे लागते.

तुमच्या लॉग डिरेक्टऱ्या कोणत्याही सीएच-रूटमधून वाचल्या जात नाहीत, त्यांवर असा पाथचा नियम नाही आणि त्यांना वेगळ्या परवानगीची गरज नाही. मग त्यांना बाइंड माउंट करून काहीच मिळणार नाही. उलट बॅकअप आणि साफसफाईच्या वेळी सांभाळायची आणखी एक जागा वाढेल.

प्रश्नकर्ता

लॉगचे सिमलिंक तसेच ठेवले आहेत. बॅकअपसाठी वेगळ्या दृश्याची पद्धत वापरली आणि आज सामायिक डिरेक्टरी एकदाच आली. जेल काढण्याच्या लिखित क्रमात अनमाउंटची पायरीही घातली.

हे करताना एक अनपेक्षित गोष्ट सापडली. /बॅकअप-दृश्यमध्ये सहापैकी पाच ‘सामायिक’ डिरेक्टऱ्या अपेक्षेप्रमाणे रिकाम्या होत्या, पण एकीत अकरा फाइली होत्या. तारखा पाहिल्यावर लक्षात आले, की मी एफएसटॅबमध्ये ओळ लिहिण्याआधी सर्व्हर एकदा पुन्हा सुरू झाला होता. तेव्हा माउंट नसताना त्या वापरकर्त्याने फाइली ठेवल्या, त्या खालच्या डिरेक्टरीत गेल्या, आणि नंतर माउंट केल्यावर झाकल्या गेल्या. त्या योग्य जागी हलवल्या आहेत. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

पहिल्या उत्तराचे लेखक

माउंट नसेल तेव्हा त्या जागी लिहिताच येऊ नये अशी व्यवस्था करा. माउंट काढून सहाही रिकाम्या डिरेक्टऱ्यांची मालकी रूटकडे द्या आणि लिहिण्याची परवानगी सर्वांकडूनच काढून घ्या. त्यावर सामायिक डिरेक्टरी जोडली, की खालच्या डिरेक्टरीची मालकी आणि परवानग्या दिसेनाशा होतात आणि वरच्या डिरेक्टरीच्याच लागू होतात, त्यामुळे नेहमीच्या वापरात काहीही बदलत नाही. माउंट नसताना मात्र वापरकर्त्याला लगेच परवानगी नाकारली जाईल आणि काहीतरी बिघडले आहे हे त्याच दिवशी तुमच्यापर्यंत पोहोचेल.

रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टनेही तिथे लिहू नये असे वाटत असेल, तर त्या रिकाम्या डिरेक्टऱ्यांवर ‘सीएचॲटर’ कमांडने ‘आय’ हा गुणधर्म लावा. ईएक्सटी४वर तो लावला की रूटलाही त्या डिरेक्टरीत नवी फाइल तयार करता येत नाही, पण तिच्यावर माउंट करायला कोणतीच आडकाठी येत नाही. फक्त हे सर्व माउंट काढलेल्या अवस्थेतच करा, नाहीतर तो गुणधर्म मूळ सामायिक डिरेक्टरीला लागेल आणि सहाही जणांचे काम थांबेल.